बेळगावात गांधारीच्या मागावर

निपाणीहून सकाळची बस धरली की दीडेक तासात बेळगाव. कामासाठी हा रस्ता शंभरदा केला असेल, पण या खेपेचं काम जरा वेगळं होतं. डिसेंबर १९२४ मध्ये धारवाडहून बेळगावला आलेली एक अकरा वर्षांची मुलगी मला जुन्या वर्तमानपत्रांत शोधायची होती. पुढे सगळा देश तिला शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागला.

गोष्ट तशी ठाऊक असलेली. २६ आणि २७ डिसेंबरला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथेच. त्यांच्यापुढे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई होत्या. पुढे मुलाखतींत ही आठवण निघाली की त्या गाण्यापेक्षा जेवणाबद्दल जास्त बोलत. आपल्या जातीमुळे वेगळं बसवतील की काय, पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलायला लावतील की काय, ही धास्ती त्या पोरीच्या मनात होती. गांधीजी समोर बसलेले आणि पोरीचा जीव पत्रावळीत. मला हे वाचल्यापासून चैन नव्हती. त्या वेळच्या पेपरांना ती दिसली होती का, एवढंच बघायचं होतं.

पहिला दिवस फुकट गेला. ज्या संग्रहाच्या भरवशावर आलो होतो तिथे पोचलो तर दाराला कुलूप. सुट्टीचा वार आम्ही विचारलाच नव्हता. जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करावा आणि नुसतं ‘उघडं आहे का’ एवढंच न विचारता ‘१९२४ चे बांधीव अंक बाहेर काढून देणारा माणूस आहे का’ असं विचारावं. दार उघडं असतं आणि किल्ली रजेवर असते, असंही होतं.

मग रिक्षा करून टिळकवाडी गाठली. हे मात्र बरं झालं, कारण जागा आधी बघितली की बातम्या वाचताना डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं. रेल्वेरुळाला लागून जातो तो काँग्रेस रोड. नाव त्या अधिवेशनावरूनच पडलं. अधिवेशनाच्या नगराचं नाव होतं विजयनगर, आणि पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला म्हणायचे पंपा सरोवर. ती विहीर अजून आहे. आज सगळे तिला काँग्रेस विहीर म्हणतात, शेजारीच वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक आहे. रिक्षावाल्याला ‘पंपा सरोवर’ म्हणालात तर तो तुम्हाला हंपीला जायची बस दाखवेल. धारवाडची ती मुलगी रेल्वेने आली असेल तर लोंढ्यावरून याच रुळांवरून आली असणार. दुपारी तिथे झाडाखाली बसून मी हा हिशेब करत होतो. गेट पडलेलं, गाडी धडधडत गेली, आणि शेजारच्या चहावाल्याने विचारलं, “काय शोधूलाय ओ तुम्ही?” एक मुलगी हरवली आहे, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका जुन्या वाचनालयात जागा मिळाली. तिथे जे शिकलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन तास वाचले असते.

जुन्या कागदांत आजची नावं चालत नाहीत. ‘गंगूबाई हनगल’ हे नाव १९२४ मध्ये छापून येणं शक्यच नव्हतं. तिचं नाव गांधारी. पुढे तबकड्या निघाल्या तेव्हा पहिल्या काहींवरसुद्धा गांधारीच होतं. गावाचंही तसंच. बेळगावचं अधिकृत नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावी झालं, पण जुन्या अंकांत शोधायचं ते ‘बेळगांव’, ग वर अनुस्वार देऊन. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले, त्याआधीचं सगळं अनुस्वारांनी भरलेलं. संगणकावर शोधत असाल तर अनुस्वारासह एकदा आणि अनुस्वाराशिवाय एकदा, असं दोनदा शोधा. अंकांवर तारखेच्या जोडीला शक आणि तिथी असते. आपल्याला हवा तो शके १८४६ चा मार्गशीर्ष संपतानाचा गठ्ठा, आणि बातमी दोनचार दिवस उशिरा येते म्हणून पुढे पौषातही जायचं. साप्ताहिक असेल तर आणखी पुढे.

शहापूरची गंमत तर माझ्या मावशीने सांगितली. ती शहापुरातच राहते, रात्रीचा मुक्काम तिच्याकडे होता. आज बेळगावचं एक उपनगर वाटणारं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं! म्हणजे तिथे नाटक किंवा गाणं झालं असेल तर पेपरवाला ते ‘बेळगांव’ सदरात टाकेलच असं नाही, सांगली संस्थानाच्या वर्तमानातही टाकेल. नाटक कंपन्यांचा माग काढणाऱ्यांनी हे गाठीला बांधून ठेवावं. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, त्यामुळे सरकारी कागदांसाठी बंगळुरूला धावण्याआधी मुंबई बघा.

बेळगावात १९२४ साली मराठी पेपर होतेच. बाबूराव ठाकुरांनी तरुण भारत १९१९ मध्ये सुरू केला होता. घरी बसून पाहायचं तर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनीवर बॉम्बे क्रॉनिकल आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर यंग इंडिया फुकट वाचता येतो. गांधीजींनी बेळगावच्या व्यवस्थेबद्दल जानेवारी १९२५ च्या पहिल्याच अंकात लिहिलं. अधिवेशनाची व्यवस्था पाहणाऱ्या गंगाधरराव देशपांड्यांच्या कामाचं कौतुक त्यात आहे.

आणि गांधारी? बांधीव अंकांची पानं वाळलेल्या पिंपळपानासारखी, उलटताना कोपरा हातात येतो. भाषणांचे रकानेच्या रकाने, ठराव, खादी, कोण पुढारी कुठल्या गाडीने उतरला तेसुद्धा. गाण्याबद्दल मी चाळलेल्या अंकांत एखादी ओळ, मुलींची नावं नाहीत. मी निराश झालो म्हणू का? थोडासा. पण खरं तर राग आला. ज्या पानावर गाडीचा डबा कुठल्या वर्गाचा ते छापायला जागा होती, तिथे पाचसात पोरींच्या नावांना नव्हती.

फोटो काढणार असाल तर खिडकीजवळचं टेबल मागा, दिव्याखाली कागद चमकतो. नाकाला रुमाल बांधा. शाईचं पेन वरच काढू नका, पेन्सिल न्या. आणि जाहिरातींचं पान सोडू नका. कलावंत पहिल्या पानावर नसतो, तो केशतेल आणि ज्वरहारक गोळ्यांच्या शेजारी असतो.

तिसऱ्या दिवशी वेळ उरला म्हणून सुळेभावीला गेलो. सांबऱ्याच्या बाजूला, बेळगावपासून अर्ध्या-पाऊण तासावर. कुमार गंधर्वांचा जन्म इथला, ८ एप्रिल १९२४, म्हणजे गांधारी बेळगावला गायली तेव्हा हे आठ महिन्यांचे! गावात शिरताना एका दुचाकीवाल्या मुलाला विचारलं, कुमार गंधर्व कुठे? त्याने सरळ मागे बोट केलं आणि बेळगावच्या नेहरूनगरातल्या कुमार गंधर्व रंगमंदिराचा पत्ता अगदी बस नंबर सांगितल्यासारखा सांगितला. चूक त्याची नव्हती. कट्ट्यावरच्या एका आजोबांना मग मी नीट विचारलं, “शिवपुत्र. कोमकाळीमठांचा मुलगा.” कुमार गंधर्व ही पदवी लहानपणी एका लिंगायत स्वामींनी दिलेली, जन्माचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. आजोबांनी मान हलवली आणि मग कानडीत बरंच काही बोलले. त्यातलं मला निम्मं कळलं. कानडी येणारा सोबती घेऊन जा, म्हणजे निम्मं वाया जाणार नाही.

परत येताना मावशीसाठी कुंदा घेतला. तिने डबा उघडायच्या आधीच विचारलं, “मिळाली काय ती पोरगी?”

“नावानं नाही मिळाली.”

“मग परत ये की. पण फोन करून ये, पुढच्या आठवड्यात मी इथं नाही.”

तर पौषातले अंक अजून बघायचे राहिलेत.