रात्री सव्वादोनचा चोर

रावेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क मी बघतो. सात कॉम्प्युटर, डोमेन (एका जागेवरून सगळ्यांवर ताबा) वगैरे काही नाही, आणि सगळेच ॲडमिन, म्हणजे प्रत्येकाला मशीनवर सगळे अधिकार. (यावरून एकदा भांडलो, हरलो.) ऑडिटरने सांगितलं, लॉग, म्हणजे मशीनवर काय-काय घडलं त्याच्या नोंदी, एका जागी जमा करा. मागणी रास्तच. विंडोजचा सिक्युरिटी लॉग सहसा 20 एमबीचा असतो. भरला की जुन्या नोंदी पुसत नव्या लिहितो. आणि ॲडमिनने तो साफ केला, तर मागे उरते 'लॉग साफ केला' सांगणारी 1102 क्रमांकाची एकुलती नोंद.

म्हणून सगळ्यांवर लॉग पाठवणारं एनएक्सलॉग टाकलं आणि मागच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर लिनक्स घालून ते जमा करणारं आरसिसलॉग. पाठवायची पद्धत टीसीपी, पोर्ट 514. दुसऱ्या पद्धतीत, यूडीपीत, वाटेत हरवलेली ओळ कोणी परत मागत नाही.

चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांचा फोन. "भाऊ, रात्री कोणीतरी घुसलं होतं!" काउंटर तीनवर 4625, म्हणजे चुकीचा पासवर्ड, पाच वेळा. वेळ रात्रीचे 2:14. मी पोहोचलो तोवर वॉचमनबाबांची उलटतपासणी सुरू झालेली. बाबा गमछाने मान पुसत एकच सांगत होते, "मी तर बाहेर खाटेवर होतो भो."

नोंद उघडली. लॉगऑन टाइप 7. म्हणजे कोणी नव्याने लॉगिन करत नव्हतं, आधीच चालू असलेल्या मशीनचा लॉक उघडत होतं. आणि रात्री तर इथे बोर्डावरूनच बटणं बंद करतात.

आरसिसलॉगकडे दोन वेळा असतात: पाठवणाऱ्याने सांगितलेली आणि ओळ इकडे पोहोचली ती. नेहमीच्या फाइलीत पहिलीच छापली जाते. मी ओळीच्या साच्यात, टेम्प्लेटमध्ये, दुसरीही घातली होती. तिथे होतं दुपारचे 12:16.

मग 4616 शोधला, घड्याळ बदलल्याची नोंद. रोज सकाळी एक! घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डचा सेल मेलेला. वीज तुटली की घड्याळ 1 जानेवारी, रात्री बारा. तारीख चुकली की सॉफ्टवेअर एंट्री घेत नाही, म्हणून कॅशियरताई रोज तारीख नीट करायच्या. वेळेला कोण विचारतंय? त्यांचे सकाळचे दहा म्हणजे मशीनचे रात्रीचे बारा. चहा पिऊन आल्या, कॅप्स लॉक चालू राहिला, पाचदा चुकल्या.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवा असं आहे, ते सगळ्यांना पाठ. घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवा, हेही त्यातच आहे. ते मीही या सात मशीनवर टाळलंच होतं. इंटरनेट एकाच मशीनला, नंतर बघू म्हटलं. आता तोच लिनक्स पीसी बाकीच्यांना वेळ देतो.

मदरबोर्डचे सीआर2032 सेल कॉम्प्युटरच्या दुकानात संपलेले. शेवटी स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाले. तीन घेतले, कारण काउंटर एक आणि पाचचेही गेलेच होते.