चिल्डर्सच कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मतदानावर बोलायला उभा राहिलो की मी हमखास ह्यू चिल्डर्सवर घसरतो, आणि मग कोणीतरी विचारतंच, "सर, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा इंग्रज मंत्री एवढा मोठा होता का हो?"

नव्हता. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातला हिशेबाला पक्का माणूस, एवढंच. 1868 मध्ये नौदल खातं मिळालं तेव्हा त्यानं खर्चाला कात्री लावली. टेम्सकाठच्या डेप्टफर्ड आणि वूलिचच्या जुन्या गोद्या पुढच्याच वर्षी बंद झाल्या. 1886 मध्ये गृहमंत्री झाला, तर खुर्चीवर बसून जेमतेम दोन दिवस होताहेत तोच लंडनमध्ये दंगल. पोलिसांना पाठवायचं होतं पॉल मॉल या रस्त्यावर, ते जाऊन उभे राहिले मॉल नावाच्या दुसऱ्याच रस्त्यावर!

माझ्या डोक्यातून जात नाही ती 'कॅप्टन' ही युद्धनौका. काउपर कोल्स या नौदल अधिकाऱ्याला फिरत्या बुरुजांत तोफा हव्या होत्या, आणि वर शिडांचा पूर्ण डोलाराही. नौदलाचा मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड नको म्हणत होता. वर्तमानपत्रं आणि पार्लमेंट कोल्सच्या बाजूला. जहाज मंजूर झालं ते चिल्डर्स येण्याआधी, हे खरं. पण त्याचाही जीव त्या जहाजावर जडला. डेक पाण्यापासून 8 फूट उंच राहायचा होता, राहिला साडेसहा फूट. तरी चिल्डर्सचा मुलगा लेनर्ड 'मोनार्क' या दुसऱ्या युद्धनौकेवरून बदलून 'कॅप्टन'वर गेला.

7 सप्टेंबर 1870 ला, मध्यरात्र उलटल्यावर, स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात जहाज कलंडलं. 18 जण वाचले. बुडाले पावणेपाचशेच्या आसपास. त्यांत कोल्स होता, लेनर्डही.

नौदलाच्या न्यायालयानं नोंदवलं की तज्ज्ञांचा विरोध असताना हे जहाज पार्लमेंटमधून आणि बाहेरून व्यक्त झालेल्या लोकमताखातर बांधलं गेलं. चिल्डर्सनं मात्र लांबलचक टिपण लिहून दोष खात्यातल्या अधिकाऱ्यांवर ढकलला. पोटचा मुलगा गेलेल्या माणसाला काय बोलायचं? पण ते टिपण मला आजही खटकतं. पुढच्या वर्षी तब्येत ढासळून त्यानं खातं सोडलं.

1872 मध्ये तो पुन्हा मंत्री झाला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंत्रिपद घेतलं की मतदारांकडे परत जावं लागे. तोवर मत चारचौघांत, जमीनदाराच्या देखत सांगायचं असे. गुप्त मतदानाचा कायदा नुकताच झालेला, आणि त्याखालची पार्लमेंटची पहिली निवडणूक नेमकी चिल्डर्सच्या मतदारसंघात, पॉन्टिफ्रॅक्टमध्ये आली, 15 ऑगस्टला. लोकमतानं तरंगवलेल्या जहाजानं ज्याचा मुलगा नेला, त्याच्याच नावाच्या चिठ्ठ्या दोन वर्षांनी त्या नव्या पेटीत पडल्या. म्हणून चिल्डर्स.

658 विरुद्ध 578 मतांनी तो जिंकला. पॉन्टिफ्रॅक्ट हे ज्येष्ठमधाच्या वड्यांचं गाव. मतपेटीवरच्या लाखेला शिक्का मारला तो वड्यांच्या कारखान्यातला, किल्ला आणि घुबडाचा. ती पेटी गावच्या संग्रहालयात ठेवली आहे.