विचारून मग रेकॉर्डिंग

व्हँकुव्हरमध्ये आमच्या भागातले लोक मिळून शहराचा ध्वनिनकाशा करतायत. नकाशावर ठिकाण दाबलं की तिथला आवाज ऐकू येतो. माझ्याकडे रॉस स्ट्रीटचा गुरुद्वारा आला आणि सोबत एक नियम: आधी विचारायचं, मग टिपायचं, आणि टिपलेलं त्या माणसाला ऐकवल्याशिवाय नकाशावर लावायचं नाही.

मला रागच आला. आमच्या कोकणात शिमग्याला पालखी नाचते तेव्हा ढोलवाल्याला कोण विचारतं? दशावताराच्या पखवाजासमोर, डबलबारी भजनाच्या बुवांसमोर शंभर मोबाईल वर असतात. आमच्याकडे आवाज सगळ्या गावाचा असतो.

तरी गेले. पहिल्या रविवारी कीर्तन सुरू होतं, विचारणार कुणाला? तशीच परतले. दुसऱ्या खेपेला आधी लंगरमध्ये जेवायला बसवलं, मग रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, भेटले. कुठे लावणार, कोण ऐकणार, सगळं विचारून म्हणाले, शबद, म्हणजे गुरबाणीतलं पद, मध्येच तोडू नका. नकाशावर जागा दोन मिनिटांची. मी भांडून पूर्ण शबदाची जागा मिळवली. न विचारता टिपला असता तर मीच तो कापला असता.

या शहराला आवाज टिपायची सवय जुनी आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या मरे शेफर यांच्या गटाने इथले भोंगे, घंटा, बंदरातले आवाज टिपून 1973 मध्ये तबकड्या काढल्या. स्टॅनली पार्कातली रात्री नऊची तोफही त्यांच्या कामात आहे. ती अजून रोज उडते.

आपली रापण, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, तिचा आवाज कुणी टिपला? पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी मासळी आधीच उचलतात, रापणी कमी होत चालल्यात. मी स्वतः सहा वर्षं गावी गेलेली नाही. रजा आणि तिकीट यांचा मेळ बसत नाही, आणि इथे राहून निदान हे काम तरी शिकले, असं मी मानते.

म्हणून मालवणला बाबांना फोन केला. रापण ओढताना टिपा, पण आधी विचारा.

"इचारूचा कित्याक? सगळी आपलीच माणसा!"

सकाळी पाठवलं. वारा, लाटा, दोर खेचतानाची एकसुरी हाळी. मग अगदी जवळून कुणीतरी: "भाऊनू, मोबाईल ठेवा आनि दोर धरा!"

चाळीस सेकंदांवर रेकॉर्डिंग थांबलंय. बाबांनी दोर धरला होता.