बरणीतली झोप

दुपारी बरणीचं झाकण फिरवलं आणि आतल्या खोलीत गाढ झोपलेली बायको उठून आली. "काय मेलंय घरात?"

मेलं काही नव्हतं. कोरियाहून परतलेल्या मित्राने सेउजोत दिलं होतं. मिठात मुरवलेली, जवळ्याएवढी बारीक कोळंबी. करडी-गुलाबी, आणि प्रत्येकीला डोळ्यांचे दोन काळे ठिपके. "आंबवलेल्या मासळीने, शेवाळाने झोप लागते, असं तो म्हणतो," मी म्हटलं.

"माझी तर गेली."

मित्राचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं, उमामी या पाचव्या, रुचकर चवीचं मूळ म्हणून. हेच ग्लुटामेट मेंदूत पेशींना चेतवतं. मुरवणातले काही जिवाणू त्याच्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकतात आणि मागे उरतो गाबा, जो त्याच पेशींना थोपटून गप्प करतो. चेतवणारा आणि थोपटणारा, मध्ये फरक एका बुडबुड्याचा! मला हे इतकं आवडलं की खाल्लेला गाबा मेंदूच्या दारातून सहजी आत जात नाही, याकडे मी चक्क काणाडोळा केला.

थोपटण्यावरून आजी आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दुपारी आम्हाला सक्तीने झोपवायची. पाठीवर तिचा हात पडत राहायचा, पंखा कुरकुरायचा, आणि मी श्वास लांबवून झोपेचं सोंग घ्यायचो. हात मंदावत मंदावत थांबायचा. झोपली, असं वाटून मी हळूच पाय खाली सोडला की डोळे न उघडता म्हणायची, "मघाशी पापण्या फडफडत होत्या तुझ्या." मग हात पुन्हा सुरू. खरी गंमत ही, की त्यानंतर झोप लागायचीच. आता कुणी पाठ थोपटत नाही, आणि या वयात सांगायचं तरी कुणाला?

रात्री भातावर अर्धा चमचा घेतलं. चव उत्तम. एवढं मीठ पोटात गेल्यावर व्हायचं तेच झालं. अडीच वाजता घशाला कोरड पडून उठलो, पाण्यासाठी फ्रिज उघडला. दिव्याच्या उजेडात बरणी समोरच. आतले सगळे काळे ठिपके टक्क उघडे.

यांना पापण्याच नाहीत.