देव जाणवत नाही त्या दिवशी

ख्रिस्ती मंडळींत एकमेकांना सहज विचारला जाणारा एक प्रश्न मला फार वर्षे अस्वस्थ करत आला आहे : ‘प्रार्थनेत तुम्हाला देव जाणवतो का?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु देवाचे सान्निध्य ही मनाला येणारी अनुभूती आहे, आणि ती आली नाही तर विश्वासातच काही उणे आहे, असे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते. पवित्र शास्त्र उलट बाजूने बोलते. १३९ व्या स्तोत्राचा कर्ता आपल्याला देव किती कळला याबद्दल फारसे बोलत नाही. आपण देवाला किती ठाऊक आहोत, हे तो सांगतो. आपले बसणे-उठणे त्याला माहीत आहे, जिभेवर शब्द येण्याआधीच तो त्याला कळलेला असतो, आणि आकाशात चढून गेले काय किंवा अधोलोकात अंथरूण घातले काय, तो तेथे आहेच. हे खरे असेल, तर त्याचे असणे माझ्या जाणिवेवर अवलंबून नाही. मला करायचे आहे ते इतकेच, की जो आहे त्याच्याकडे लक्ष पुन्हा पुन्हा वळवायचे.

मी इंदूरमधील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचे काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागलेली असते. त्यांत नसा सहज न सापडणारे मधुमेही आजोबा असतात, सुई पाहूनच रडू लागणारी मुले असतात, आणि अहवालात काय निघेल या भीतीने एक शब्दही न बोलणारी माणसे असतात. सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला त्याचे नाव विचारून ते नळीवरच्या नावाशी ताडून पाहायचे, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे, कारण नळ्यांची अदलाबदल झाली तर एकाच्या आजाराचे औषध दुसऱ्याला मिळू शकते. हेच नाव मी त्या क्षणी मनात देवापुढे घेते. त्यासाठी कामातून वेगळा वेळ काढावा लागत नाही. उलट ज्याचे नाव देवापुढे घेतले त्याचा हात अधिक जपून धरला जातो, असा माझा अनुभव आहे. गर्दी वाढली की मात्र कितीतरी नावे नुसती वाचली जातात, आणि दुपारी हे लक्षात येते.

अशा वेळी मला सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स यांचा आधार वाटतो. ते पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात स्वयंपाकघरात राबत, आणि ते काम मुळात त्यांच्या आवडीचे नव्हते. भांड्यांच्या गडबडीतही त्यांचे देवाशी बोलणे चालू असे. लक्ष भरकटले तर ते देवापाशी कबूल करून, मनाला न छळता, ते पुन्हा कामाला लागत. मला यातले ‘मनाला न छळता’ हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण देवाकडे परत वळणे हीदेखील प्रार्थनाच आहे.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. दळता-कांडताना विठ्ठलाला सोबत घेणारी जनाबाई आपल्याच घरातली आहे, आणि तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही ओढ आपल्या भक्तिगीतांत आणली. आमच्या चर्चमधील उपासना हिंदीत होते. टिळकांची गीते मात्र आजीमुळे घरात राहिली, आणि हात कामात असताना माझ्या ओठांवर तीच येतात.

कोरडे दिवस येतातच. मदर तेरेसा यांनी अनेक दशके देव न जाणवण्याचा अंधार सोसला, हे त्यांच्या पत्रांतून पुढे आले. तरीही त्यांची प्रार्थना आणि रुग्णसेवा थांबली नाही. तेव्हा अनुभूती हे सान्निध्याचे माप नव्हे, असे मी मानते. मग माप कोणते, हा प्रश्न आला की मला आमच्याच भागातील सिस्टर राणी मारिया आठवतात. त्यांनी देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात गरीब आदिवासींना सावकारीच्या पाशातून सोडवण्याचे काम केले, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारिया यांना धन्य, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आले. त्या सोहळ्यापेक्षा मला ती राखी अधिक खोलवर भिडते, कारण देव येथे आहे असे मानणे आणि तो त्या माणसापाशीही आहे असे मानून हात पुढे करणे, यांत फार मोठे अंतर आहे.

माझ्यासमोर ते अंतर एका ओळखीच्या गृहस्थांच्या रूपाने उभे राहते. त्यांनी आमच्या वडिलांना फार दुखावले होते, आणि आता ते तपासणीसाठी अधूनमधून आमच्याच लॅबमध्ये येतात. नळीवरचे त्यांचे नाव देवापुढे घेणे मला अजूनही जड जाते. तरी ते घेतल्याशिवाय मी सुई उचलत नाही.