सिमेंटचे पत्रे उतरवताना
आजचा दिवस जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे उतरवण्यात गेला. अशा पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस (तंतुमय खनिज) असतो. धड पत्र्याचा धोका कमी. ग्राइंडर लावला किंवा वरून टाकून फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत सुटतात. म्हणून आधी साबण कालवलेल्या पाण्याचा हलका फवारा (साबणामुळे पाणी आत मुरतं), मग गंजलेले हुक हातकटरने कापायचे, पत्रा अखंड खाली घ्यायचा आणि जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचा. पाय मात्र फळीवरच. जुना पत्रा ठिसूळ, ओला झाला की निसरडाही. झाडू नकोच, ओल्या फडक्याने पुसायचं. तोंडाला बांधलेला रुमाल तंतू अडवत नाही. कामाचे कपडे घरी गेले, तर ते धुणाऱ्या व्यक्तीच्याही फुफ्फुसात तंतू जातात.

या तंतूंमुळे होणारे फुफ्फुसांचे आजार उमटायला २० ते ४० वर्षं लागतात. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. रोजंदारीवर पत्रे उतरवणाऱ्यांची नोंद सहसा ठेवलीच जात नाही. उद्यापासून निदान नाव, तारीख आणि जागा एका वहीत लिहायची.