तिसरी ओळसुद्धा जांभळी

क्रिस्टल व्हायोलेट, म्हणजे तग धरलेल्या पेशींना जांभळं करणारा रंग, धुऊन प्लेट उजेडाकडे धरली. पहिल्या ओळीत नुसता विषाणू, पेशींच्या थराची चाळण झालेली. दुसऱ्या ओळीत विषाणूसोबत माझा एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा. थर गर्द जांभळा, एकही प्लाक, म्हणजे विषाणूने पाडलेलं भोक, नाही. ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात तिसरी ओळ दिसली. तिथे स्क्रॅम्बल्ड कंट्रोल होता, म्हणजे अक्षरं तीच पण क्रम विस्कटलेला, विषाणूशी न जुळणारा. तो थरही तितकाच जांभळा.

विषाणू चांदीपुरा. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. त्यावर खास औषध नाही, म्हणून या कामात जीव गुंतला होता.

याचा जीनोम एन प्रथिनात गुंडाळलेला असतो, तिथे एसआय-आरएनएचा शिरकाव होत नाही. नेम धरायचा तो एमआरएनएवर, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी निघणाऱ्या जनुकाच्या प्रतीवर. मी पी जनुक निवडलं, कारण पी प्रथिनावाचून विषाणूचा पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं यंत्र, चालत नाही. २१ अक्षरांचे दोन धागे, १९ जोड्या, टोकांना दोन-दोन अक्षरं मोकळी. अँटीसेन्स, म्हणजे एमआरएनएशी जुळणाऱ्या, धाग्याच्या ५ प्राइम (सुरुवातीच्या) टोकाशी ए-यू जोड्या ठेवल्या. तिथली वीण सैल असली की एमआरएनए कापणारं रिस्क संकुल तोच धागा उचलतं. सिक्वेन्स ठरवण्यात कित्येक आठवडे गेले होते.

आणि चूक सिक्वेन्समध्ये नव्हतीच. पैसे वाचवायला मी दोन्ही आरएनए विकत न आणता लॅबमध्येच टी-७ पॉलिमरेजने बनवले होते. अशा धाग्यांच्या ५ प्राइम टोकाला तीन फॉस्फेट राहतात, आणि पेशीतलं रिग-आय हे पहारेकरी प्रथिन नेमकी तीच खूण पाहून विषाणू आल्याची हाकाटी करतं. कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजायला आरटी-पीसीआर लावला, तर दोन्हीकडे इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे पेशीचं विषाणूविरोधी प्रथिन, चढलेला. चांदीपुराच्या कुळातले विषाणू इंटरफेरॉनपुढे टिकत नाहीत. माझ्या ए-५४९, म्हणजे माणसाच्या फुफ्फुसातल्या, पेशी वाचल्या होत्या त्या इंटरफेरॉनमुळे. पी जनुक गप्प झालं होतं की नाही, हे त्या प्लेटवरून सांगताच येत नव्हतं. कंट्रोलची ओळ नसती तर मी तोच निकाल छातीठोकपणे मांडला असता. त्या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

मॅडमनी प्लेट बराच वेळ न्याहाळली. म्हणाल्या, "रासायनिक संश्लेषणाचे मागव. आणि व्हेरोत लाव."

व्हेरो या माकडाच्या पेशींना स्वतःचं इंटरफेरॉन बनवता येत नाही. नवे आरएनए आले, प्लेट रंगवली. स्क्रॅम्बल्डची ओळ प्लाकांनी भरलेली. माझ्या ओळीतही प्लाक होते, पण पुष्कळ कमी. मी ते दोनदा मोजले, मग मॅडमना मोजायला दिले.